काळ्या बाईचा परवाना आणि आमच्या बाईचे आडनाव

परमुलखातील अन्यायाचे वर्णन ऐकून आमच्या लोकांस फार लवकर गहिवर येतो. शाळेत नेल्सन मंडेला यांच्यावर निबंध घातला की मुले पानेच्या पाने लिहितात, आणि बक्षीस देणारे गृहस्थ खुर्चीवरून उठून गोऱ्यांच्या क्रूरपणावर अर्धा तास बोलतात. गहिवर खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. पण तो समुद्र ओलांडून जातो आणि वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत मात्र पोहोचत नाही, याचे नवल वाटते. तेव्हा वाचकहो, प्रथम तिकडचीच एक हकिकत सांगतो, म्हणजे इकडची ऐकावयास जड जाणार नाही.

फिलिस न्तांताला ही बाई दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सकाय मुलखात १९२० साली जन्मली. घर जमीनजुमल्याचे, खाऊनपिऊन सुखी. फोर्ट हेअर येथे ती शिकली. काळ्या मुलामुलींना उच्च शिक्षण मिळण्याचे ते त्या काळचे मोठे ठिकाण. पुढे ती मास्तरीण झाली. तिचे यजमान ए. सी. जॉर्डन हे खोसा भाषेचे पंडित व कादंबरीकार, केपटाउनच्या विश्वविद्यालयात शिकवीत असत. म्हणजे नवराबायको दोघेही विद्येवर जगणारी माणसे. १९४८ साली तेथे नॅशनल पक्षाचे राज्य आले व रंगावरून माणसे वेगळी करण्याचा धंदा सरकारी कायद्याने सुरू झाला. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाचे नाव त्याच्या वर्णाप्रमाणे सरकारी वहीत चढले. त्याच साली कोणी कोठे राहावे हे ठरविणारा दुसरा कायदा झाला. आणि १९५३ साली आला तो आम्हा मास्तर लोकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा शिक्षणाचा कायदा. काळ्या पोराला मजुरीपुरते शिकवावे, त्याहून अधिक शिकवून त्याला नसती स्वप्ने दाखवू नयेत, असा त्याचा उघड हेतू होता. हे वाचताना आमच्या वाचकांस काही ओळखीचे वाटले तर त्यात आश्चर्य नाही. शूद्रातिशूद्रांनी किती शिकावे याची मापे आमच्याकडे पोथीत घालून ठेवलेली होती. तिकडे तीच गोष्ट सरकारी गॅझेटात छापली, इतकेच.

१९६१ साली जॉर्डन यांना अमेरिकेत जाऊन अभ्यास करण्यासाठी विद्यावेतन मिळाले. सरकारने पासपोर्ट नाकारला. जावयाचे असेल तर जा, पण परत यावयाचे नाही, असा एकतर्फी परवाना मात्र तयार होता. ते गेले, मागून बायकामुले गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे संसार थाटला आणि १९६८ साली जॉर्डन तिकडेच वारले. बाईंनी पुढे पुष्कळ वर्षे काढली, १९९२ साली आपले आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि २०१६ साली अमेरिकेतच देह ठेवला. दरम्यान १९९१ पर्यंत ते काळे कायदे रद्द झाले होते, १९९४ साली सर्वांच्या मताने निवडणूक झाली होती, आणि बाईंचे चिरंजीव पॅलो जॉर्डन मंडेलांच्या मंत्रिमंडळात बसले होते. पण उमेदीची जी वर्षे परक्या थंडीत गेली ती काही कोणी परत दिली नाहीत.

ह्या बाईंची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हद्दपार होण्याआधी त्यांनी एक निबंध लिहिला होता, खेड्यांत मागे राहिलेल्या बायकांवर. नवरे सोन्याच्या खाणीत व शहरांत मजुरीला गेलेले. ते जिवंत असून ह्या विधवा. म्हातारी माणसे, पोरे आणि पिकेनाशी झालेली जमीन सांभाळीत ह्या मनिऑर्डरीची वाट पाहणार. गिरण्यांच्या काळात रत्नागिरीकडच्या आणि साताऱ्याच्या घाटाखालच्या गावांतून आमच्या आयाआज्यांनी हेच काढले की नाही? स्वतः सुखवस्तू घरात वाढून ज्या बाईला हे दिसले, तिचे शिक्षण अंगी लागले म्हणावयाचे.

आता इकडे येऊ. १९५६ च्या ऑगस्ट महिन्यात सुमारे वीस हजार बायकांनी प्रिटोरिया येथे सरकारच्या दारावर मोर्चा नेला. परवान्याची वही काळ्या बायकांच्याही गळ्यात अडकविण्याचा सरकारचा बेत होता म्हणून. त्याच सालच्या ऑक्टोबरात नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धर्मांतर केले. त्या नागपुरात तेव्हा अठराच्या आतबाहेरची एक मुलगी राहत होती, कुमुद सोमकुवर. जन्म महार समाजातला. ती पुढे कुमुद पावडे ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तिने संस्कृत शिकावयाचे मनात घेतले होते.

संस्कृतच का? ज्या भाषेचा शब्द कानी पडला तर शूद्राच्या कानात शिसे ओतावे असे लिहून ठेवले, तीच भाषा आपण शिकून दाखवू, ही ईर्षा त्यांत होती. त्यांनी स्वतः 'अंतःस्फोट' ह्या १९८१ च्या पुस्तकात हे सारे सांगितले आहे. लहानपणी एका मुंजीच्या वेळी बाहेर उभ्या राहून त्या मंत्र ऐकत होत्या, तेव्हा त्यांना तेथून हुसकण्यात आले. पोर मिठाईसाठी उभी नव्हती, शब्दांसाठी उभी होती. पण महाराच्या पोरीला मिठाईखेरीज दुसरे काही हवेसे वाटेल हे कोणाच्या डोक्यात यावे? आमच्या वाचकांस कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण माहीत आहेच. १८९९ च्या सुमारास खुद्द शाहू छत्रपतींसारख्या राजाला, तुम्ही शूद्र, तुम्हाला वेदोक्त मंत्र नाहीत, असे त्यांच्याच पुरोहिताने ऐकविले. त्यापुढे बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही व फारसीवर समाधान मानावे लागले. राजाची ही गत, बॅरिस्टराची ती गत. आणि मग नागपूरची एक गरीब मुलगी उठते व तीच भाषा घेऊन एम. ए. होते. आमच्या चळवळीच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या अक्षरांनी लिहावयास हवी होती.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवितो, ब्राह्मणेतरांच्या पत्रात लिहीत असलो तरी. त्या मुलीला शाळेत संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी हे जुन्या वळणाचे ब्राह्मण होते. हे काही आपल्याला शिकविणार नाहीत अशी मुलीला धास्ती होती. त्यांनी मनापासून शिकविले. मास्तराचा धर्म काय तो त्या गृहस्थाने ओळखला. आम्ही ज्याला ब्राह्मण्य म्हणून शिव्या देतो ते जानव्यात नसते, हे त्यावरून दिसते. आणि ते कोठे कोठे असते हे पुढे दिसेलच. कॉलेजात गेल्यावर मात्र बाईंना उलट अनुभव आला. तेथे मोठमोठ्या पंडितांना तिचे संस्कृत शिकणे रुचले नाही. पंडितापेक्षा शाळामास्तर बरा निघाला, याचा आम्हाला थोडासा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

एम. ए. झाल्या, आणि घरी बसल्या. अर्ज करावा, मुलाखतीस जावे, नाव सांगावे, आणि परत यावे. आजच्यासारखीच तेव्हाही सभांतून भाषणे होत होती की मागासलेल्या वर्गाने शिकले पाहिजे. शिकलेली समोर येऊन उभी राहिली तर खुर्ची कोणी देईना. दिल्लीपासून मुंबईपर्यंत मंत्र्यांकडे दाद मागून झाली. पाठीवर शाबासकीचे हात पडले. नेमणुकीचा कागद काही हाती पडेना. सुमारे दोन वर्षे अशी गेली.

मग त्यांचा विवाह झाला. यजमान मोतीराम पावडे, कुणबी समाजातले, सुधारक विचारांचे. आणि लग्नानंतर सरकारी महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली. विद्या तीच, प्रमाणपत्र तेच, बाई तीच. बदलले ते आडनाव. बाईंनी आपल्या लेखात ह्याचा हिशेब बिनचूक मांडला आहे. नोकरीचे श्रेय कुमुद पावडे ह्या नावाला आहे, कुमुद सोमकुवर आहे तेथेच राहिली, असा त्याचा भावार्थ. सभासमारंभांत लोक त्यांचे कौतुक करीत, पाहा हो, महाराची असून संस्कृत शिकविते! ह्या 'असून' शब्दात जो अपमान आहे तो कौतुक करणाराला कळतही नाही, आणि ऐकणारीला झोप येऊ देत नाही.

न्तांतालाबाईंना देश सोडावा लागला. कुमुदताईंना देश सोडावा लागला नाही, शहर सोडावे लागले नाही. पण जन्माचे नाव दाराबाहेर ठेवून त्यांना आत जावे लागले. ह्यालाही आम्ही एक प्रकारची हद्दपारीच म्हणतो. बाई आत, आणि तिचे माहेर परवान्याअभावी बाहेर. हा एकतर्फी परवाना कोणत्याही सरकारने छापला नव्हता.

येथे कोणी विद्वान म्हणेल, मास्तर, तुम्ही दोन निरनिराळ्या गोष्टींची मोट बांधता. तिकडे कायदा जुलमाच्या बाजूने होता, इकडे कायदा जुलमाच्या विरुद्ध आहे. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा आला, १९८९ साली अत्याचारांविरुद्ध आणखी कडक कायदा आला. शिवाय तिकडे गोळीबार झाले. १९६० साली शार्पव्हिल येथे एका दिवसात ६९ माणसे मारली गेली. हे सगळे खरे आहे. फरक आहे, आणि तो लहान नाही. येथे बाईंना लिहिता आले, छापता आले, उशिरा का होईना शिकविता आले; पुस्तकावर बंदी पडली नाही.

पण ह्याच फरकाची दुसरी बाजू पाहा. तिकडचा जुलूम कागदावर होता, म्हणून एके दिवशी तो कागद फाडता आला. आमच्याकडे असा कागदच नाही, मग फाडावयाचे काय? मुलाखतीच्या खोलीत, 'पूर्ण नाव सांगा' ह्या तीन शब्दांत सगळी वर्णवही उघडते आणि मिटते. कोणत्या न्यायालयात तो पुरावा दाखवावा? गोऱ्या साहेबाला काळ्या माणसाची जात कातडीवरून कळे. आमच्या साहेबाला आडनावावरून कळते, आडनावावरून न कळल्यास गावावरून, गावावरून न कळल्यास 'देव कोणता?' असे गोडीगोडीने विचारून. ह्या कामात आमचे लोक गुप्त पोलिसांनाही हार जाणार नाहीत.

आणि आता बहुजन बांधवांनो, तुमच्याशी थोडे कडू बोलावयाचे आहे. ज्या आडनावाने ते दार उघडले ते ब्राह्मणाचे आडनाव नव्हते. ते कुणब्याचे होते. म्हणजे ज्या भिंतीवर आपण शंभर वर्षे डोके आपटीत आहो, त्या भिंतीच्या आतल्या अंगाला आपलीही एक ओसरी आहे, आणि त्या ओसरीवर कोणी बसावे हे आपणही ठरवितो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंची गुलामी मोडली त्यांना अर्पण केले. काळ्यांच्या दुःखाशी आपले नाते लावणारा पहिला माणूस माळ्याच्या घरचा होता. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या मुलीने १८५५ साली निबंध लिहून महारमांगांच्या दुःखाला तोंड फोडले. ही आपली वडिलार्जित इस्टेट. तिच्या वारसांनी, म्हणजे आपण, पुढे काय केले? पंगतीत ब्राह्मणाशेजारी पाट मागितला, ते योग्यच केले. पण आपल्या शेजारी दुसऱ्याने पाट मागितला तेव्हा आपली मान कोणीकडे वळली?

तुम्ही म्हणाल, हे जुने झाले. मग देवनारचे ऐका, मी जेथे मास्तरकी करतो तेथले. हे मूळचे खेडेच. १९२७ सालापासून मुंबई शहराने आपला केरकचरा येथे आणून टाकावयास सुरुवात केली, आणि डोंगर झाला. पुढे शहराला नकोशी झालेली माणसेही याच बाजूला येऊन पडली. कोणाची झोपडी मोडली म्हणून, कोणाचा गाव धरणाखाली किंवा दुष्काळात गेला म्हणून. १९७१ साली कत्तलखाना आला. आणि याच देवनारात १९५४ पासून टाटांची ती समाजविज्ञानाची मोठी संस्था आहे, जेथे देशभरच्या वाड्यावस्त्यांवरून मुली येऊन एम. ए. होतात. कचऱ्याचा डोंगर आणि एम. ए. ची पदवी यांत फार अंतर नाही, थोडक्या वेळात चालून जाता येईल. वस्तीतल्या मुलीला ते अंतर कापावयास तीन पिढ्या लागतात. आणि कापून झाल्यावर काय?

आमच्या ओळखीत एक शिक्षिका आहेत, मराठवाड्यातून आलेल्या. एम. ए., बी. एड. शिकविण्यात आमच्याहून दोन पावले पुढे. चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवावा तर त्यांनीच. नेमणूक झाल्यावर त्या शाळेच्या आसपास खोली शोधू लागल्या. पहिल्या घरी भाडे ठरले, अनामत ठरली, चहा झाला, मग पूर्ण नाव विचारले गेले, आणि घरमालकाच्या भाच्याला ती खोली अचानक हवी झाली. दुसऱ्या घरीही भाचाच निघाला. तिसऱ्या घरी तर मालकीणबाईंनी सरळ विचारले, 'तुम्ही आमच्यातल्या का?' ह्या तिन्ही घरांत फुल्यांची व शाहूंची तसबीर नसेल असे मानू नका; एका घरी तर दर्शनी भिंतीवर होती. आज त्या बाई पनवेलच्या पलीकडे राहतात व हार्बरच्या गाडीने रोज गोवंडीस उतरतात. जाण्यायेण्यात तीन तास जातात. मुलांच्या वह्या त्या गाडीतच तपासतात, बसावयास जागा मिळाली तर. त्यांनी तक्रार केली नाही. करावी कोणाविरुद्ध? भाच्याविरुद्ध?

आमच्याच पेशातल्या शांताबाई कांबळे ह्यांची आठवण येथे येते. त्यांचा जन्म १९२३ सालचा, म्हणजे न्तांतालाबाईंहून तीनच वर्षांनी धाकट्या. सोलापूर जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका. खेड्यापाड्यांतून त्यांनी मास्तरकी केली, पुढे शिक्षणखात्यात अधिकारी झाल्या, आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे आत्मचरित्र १९८६ साली पुस्तकरूपाने दिले. त्यांचे चिरंजीव अरुण कांबळे दलित पँथरच्या पुढाऱ्यांत होते. पँथर हे नावच १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतलेले. दोन समुद्रांच्या दोन तीरांवर दोन मास्तरणी, दोघींनी आत्मचरित्रे लिहिली, दोघींचे मुलगे चळवळीत. दोघींची भेट झाली असती तर दुभाष्याची फारशी गरज पडली नसती असे वाटते.

दूरचे आणि जुने म्हणून बाजूस सारणारांसाठी एक जवळचे व अलीकडचे उदाहरण देतो, आणि ते देताना लेखणी जड होते. डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातील जळगावकडची मुलगी डॉक्टर होऊन मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात पुढचे शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये तिने आपले आयुष्य संपविले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्याबरोबरच्या तीन वरिष्ठ डॉक्टर बायकांवर ठेवला गेला व प्रकरण न्यायालयात गेले. दोष कोणाचा हे न्यायालयाने सांगावयाचे, वर्तमानपत्राने नव्हे. पण एवढे तर कोणालाही दिसते की डॉक्टरकीच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचलेल्या मुलीलासुद्धा पदवी ही ढाल पुरली नाही. शिका, म्हणजे सगळे ठीक होईल, असे आम्ही मास्तर लोक रोज फळ्यापुढे उभे राहून सांगतो. हे वाक्य अर्धे आहे. उरलेले अर्धे शिकलेल्याने पाळावयाचे नसून त्याच्या शेजाऱ्याने, घरमालकाने आणि मुलाखत घेणाराने पाळावयाचे आहे, आणि त्यांची शाळा कोणी भरवीत नाही.

सरकारांचीही तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९४६ साली हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या छळाचा प्रश्न राष्ट्रसंघात नेला, जगात पहिल्याने, आणि त्या देशाशी व्यापारही तोडला. त्याबद्दल मान ताठ ठेवावी. त्याच साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र धाडून, निग्रो लोकांनी राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला आहे त्याची प्रत मागितली. अस्पृश्यांची दाद तशीच मागता येईल काय हे त्यांना पाहावयाचे होते. पुढे २००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेत, दरबान शहरी, वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तेथे मांडावयास आपल्याकडची माणसे गेली. तेव्हा आपल्या सरकारने भूमिका घेतली की जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय येथे नको. दुसऱ्याची फिर्याद न्यावयास आपण पहिले, आणि आपली फिर्याद निघाली तेव्हा दप्तर बंद!

जात म्हणजे वंश की नव्हे, हा वाद पंडितांनी खुशाल करावा. पनवेलच्या गाडीत उभी राहून वह्या तपासणाऱ्या बाईला त्याचे काही देणेघेणे नाही. तिला शाळेपासून चालत जाता येईल अशी एक खोली हवी आहे.

तूर्त आम्ही दोन कामे हाती घेतली आहेत. एक, गावठाणात ज्यांच्या खोल्या भाड्याने देण्याच्या आहेत अशा ओळखीच्या चार घरांना जाऊन, नाव न लपविता, पूर्ण नाव आधी सांगून, त्या शिक्षिकेसाठी विचारणे. दोन घरे झाली आहेत. एकाने आठ दिवसांनी या म्हटले आहे. दुसरे, 'अंतःस्फोट' हे पुस्तक जवळच्या वाचनालयात आहे का ते पाहणे, नसल्यास मागणीच्या वहीत त्याचे नाव लिहिणे. वाचकांनी आपापल्या गावच्या वाचनालयात हेच करून पाहावे. वहीत लेखिकेचे नाव लिहावयाची जागा असते, तेथे कुमुद पावडे असे लिहावे, आणि जागा उरली तर पुढे कंसात सोमकुवर.